फ्रेंच वसाहत, मुक्काम मरीन परेड

मी सिंगापूरला पोचले तेव्हा फ्रेंच माझ्या आधी येऊन बसले होते.

इतिहासात असं कधी झालेलं नाही. नाशिकच्या शाळेत सगळी नोकरी मी मुलांना हेच शिकवण्यात घालवली, की पोर्तुगीज आले, डच आले, इंग्रज आले आणि सगळ्यांची बस्तानं बसल्यावर मागाहून फ्रेंच आले. 'भारतातील फ्रेंच सत्तेच्या अपयशाची कारणे लिहा' या प्रश्नाची उत्तरं मी इतकी तपासलीत की झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन. उशिरा आले. आरमार कमकुवत. मायदेशातून वेळेवर मदत नाही. जो एक गव्हर्नर खरोखर हुशार निघाला, त्यालाच ऐन वेळी परत बोलावून घेतलं. म्हणून फ्रेंचांचा विषय निघाला की मला उगाच थोडं मोठेपण वाटायचं. आपण ज्यांना गुण देतो त्यांना घाबरायचं कशाला?

माझी मुलगी केतकी सिंगापूरला बुओना व्हिस्टाच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करते. जावई ज्युलियाँ इंजिनियर, मूळचा फ्रान्समधल्या नांतचा. नात मीरा एक वर्षाची होणार होती आणि तिच्या वाढदिवसाला मी २००६ साली तीन आठवड्यांसाठी गेले. आमच्या ह्यांनी गुडघ्यांचं कारण सांगून बूड हलवलं नाही. सगळ्यांना मी वाढदिवसाचंच सांगितलं, पण खरं कारण वेगळं होतं. ज्युलियाँचं कंत्राट वर्षअखेरीस संपत होतं. त्याची कंपनी त्याला नांतला परत बोलावत होती आणि केतकीला पुण्याच्या एका संस्थेतून विचारणा झाली होती. म्हणजे मीरा नांतला वाढणार की पुण्याला, हे आता ठरायचं होतं. मी चालले होते ती पुण्याची वकिली करायला.

आणि चांगी विमानतळावरून टॅक्सीने मरीन परेडच्या फ्लॅटवर आले, तर दार उघडलं विहीणबाईंनी! कमरेला एप्रन, हातात लाकडी डाव, चेहऱ्यावर यजमानाचं हसू. "या, या," म्हणाल्या, जसं काही घर त्यांचंच.

मरीन परेड

विहीणबाईंचं नाव मोनिक. पंचावन्नच्या आसपास, काटक, आणि नुसता सुती झगा घातला तरी कुठल्यातरी समारंभाला निघाल्यासारख्या दिसणाऱ्या. त्यांनी माझ्या दोन्ही गालांना गाल लावले. आधी उजवा की डावा हे मला ठाऊक नसल्यामुळे आमची नाकं आपटली. आमचं बोलणं सगळं इंग्रजीत. ज्यांनी त्यांच्या आणि आमच्या दोघांच्याही पूर्वजांना धूळ चारली, त्यांच्या भाषेशिवाय आम्हा दोघींना एकमेकींशी मीठ मागणंसुद्धा जमत नव्हतं.

आता इथे माझी अडचण सांगायला हवी. केतकीचं लग्न सिंगापूरलाच नोंदणी पद्धतीने झालं. आम्हाला फोटो आले. विहिणीचा मान करायचा राहूनच गेला. मुलाची आई म्हणजे काय, हे आपल्याकडे सांगावं लागत नाही. तिला पहिलं ताट, तिला पाठ टेकायला तक्क्या, तिने नाक मुरडलं तर आपण कान धरायचे. मी शिकलेली बाई, भाषणांत या सगळ्याला नावं ठेवलेली. पण प्रत्यक्ष विहीण समोर उभी राहिली आणि माझी मान आपोआप लवली. बॅग उघडून मी आधी त्यांच्यासाठी आणलेली इरकल साडी काढली, नारळ ठेवून त्यांच्या हातात दिली. पाय धुवायचंही मनात होतं, पण केतकीने डोळे वटारले.

विहीणबाई साडी बघून हरखल्या. "केवढं सुंदर!" असं म्हणून त्यांनी ती घडी मोडून सोफ्यावर अंथरली आणि तिच्यावर बसल्या. पुढचे तीन आठवडे माझी इरकल सोफ्याला नेसवलेली होती. पदर टीव्हीच्या बाजूला.

फ्लॅटला समुद्राकडची एक मोठी खोली होती आणि स्वयंपाकघराच्या मागे एक लहान. मोठीत विहीणबाईंचं सामान लागलेलं होतं. त्या सौजन्याने म्हणाल्या, "तुम्हाला समुद्र हवा असेल तर मी मागे जाते."

आता याला आपल्याकडे एकच उत्तर असतं. मी म्हटलं, "छे छे, तुम्ही म्हणाल तसं. तुम्ही मुलाची आई."

आपल्याकडे असं म्हटलं की समोरची बाई म्हणते, 'अहो असं कसं, तुम्हीच घ्या.' मग आपण म्हणतो, 'नाही हो.' मग ती म्हणते, 'बरं, निदान दुपारची झोप तरी तिथे घ्या.' अशा देवघेवीतून शेवटी काहीतरी मधलं निघतं. विहीणबाई "थँक यू" म्हणाल्या आणि मोठ्या खोलीचं दार लावून घेतलं.

मागच्या खोलीत पडल्यापडल्या मला सुरत, मच्छलीपट्टण, पुदुच्चेरी सगळं डोळ्यांसमोर दिसलं. आधी वखारीपुरती जागा मागायची. समोरचा नबाब पाहुणचाराच्या भरात 'आपलंच समजा' म्हणतो. ते खरंच आपलं समजतात. मग वखारीला भिंत येते, भिंतीला बुरूज येतो आणि एके दिवशी नबाबालाच आत जायला परवानगी लागते. भटाला दिली ओसरी, भट हळूहळू पाय पसरी, ही म्हण आपल्याकडे होतीच. नबाबांना ती कुणी सांगितली नसावी.

दुसऱ्या दिवशी फ्रिजची वाटणी झाली. वरचे दोन कप्पे फ्रान्सचे. तिथे एक चीज होतं, ज्याच्या वासाने दूधसुद्धा आपणहून नासेल असं मला वाटलं. खालचा कप्पा आमचा: लसणाची चटणी, लिंबाचं लोणचं, साजूक तूप. मीराला काय भरवायचं यावरही सरहद्द आखली गेली. दुपारी गाजर आणि कांद्याच्या पातीसारख्या कसल्याशा भाजीची पेज, संध्याकाळी मऊ भात आणि मेतकूट. मीरा दोन्ही सारख्याच आनंदाने खाई आणि सारख्याच आनंदाने थुंके. ती रडली की मी धावत जाई, विहीणबाई हात आडवा करत. "रडू द्या. ती शिकेल."

"काय शिकेल?"

"एकटं झोपायला."

आमच्या घराण्यात एकटं झोपायला कुणी शिकल्याचं मला आठवत नाही. पण मी म्हटलं, "तुम्ही म्हणाल तसं," आणि स्वयंपाकघरात जाऊन पदराने डोळे पुसले.

सिटी हॉल

शनिवारी ज्युलियाँने आम्हाला गाव दाखवायला नेलं. मरीन परेडला एमआरटी, म्हणजे तिथली मेट्रो, नाही, म्हणून बसने गेलो. बसमध्ये एक चिनी आजोबा उठले आणि त्यांनी मला जागा दिली. मी ती विहीणबाईंना दिली. त्या बसल्या.

सिटी हॉल स्टेशनजवळ एक जुनं कॉन्व्हेंट आहे. फ्रेंच नन तिथे शाळा आणि अनाथ मुलींचं घर चालवत. पांढरं देवघर, रंगीत काचा, कमानींचा व्हरांडा. सगळं निगुतीने जपलेलं आणि सगळ्यांत आता रेस्टॉरंट आणि बार. ज्या अंगणात मुली रांगेने प्रार्थनेला जात, तिथे लोक थंडगार बिअरचे ग्लास समोर ठेवून फुटबॉल बघत होते.

विहीणबाई देवघराकडे बघत उभ्या राहिल्या. "हे आम्ही बांधलं," त्या म्हणाल्या, "या उकाड्यात, इतक्या लांब येऊन."

मला मनातून कौतुक वाटत होतं, पण शिक्षकी जिभेला राहवेना. या बेटावर इंग्रजांनी राज्य करायला कुणाला जागाच ठेवली नव्हती, म्हणून फ्रेंचांनी देवाच्या नावाने मिळाली तेवढी घेतली. त्यांचं मन होतं पुढे, सायगावकडे, म्हणजे आजच्या व्हिएतनामकडे. तिकडे जाणाऱ्या त्यांच्या बोटी इथे कोळसा भरून घेत, शेजाऱ्याच्या नळावर घागर भरून आपल्या घरी जावं तशा.

"आमच्या पुण्यालाही तुमचे एक गृहस्थ आले होते," मी म्हटलं. "पेशव्यांच्या दरबारात, राजाचा वकील म्हणून. मोठा थाट होता त्यांचा. फ्रान्सहून फौज येईल, आपण मिळून इंग्रजांना समुद्रात बुडवू, अशी सगळी वचनं. इंग्रजांची तर झोपच उडाली."

"मग?"

"मग काय, फौज आलीच नाही."

विहीणबाई हसल्या. "पॅरिसने पैसे दिले नसतील. पॅरिस कधीच देत नाही."

त्या क्षणी मला त्या पहिल्यांदा आवडल्या. ज्युलियाँ मात्र घड्याळ बघत होता. दोन्ही आयांच्या पूर्वजांच्या मोहिमा ऐकत भर उन्हात उभं राहणं हे कुठल्याच जावयाच्या नशिबी येऊ नये.

जू चियाट

घरापासून चालत जू चियाट लागतं. रंगीत जुन्या चाळवजा घरांची गल्ली, आणि त्या काळी तिथे व्हिएतनामी खानावळींची रांगच होती. विहीणबाई म्हणाल्या, "आज मी तुम्हाला आमचा पाव खाऊ घालते."

खानावळीची मालकीण लान नावाची चटपटीत बाई. विहीणबाईंनी तिला थेट फ्रेंचमध्ये लांबलचक काहीतरी मागितलं. लानने पेन्सिल कानावर ठेवली.

"इंग्लिश बोला, आंटी. मँडरिन पण चालेल."

विहीणबाईंना धक्का बसला. "तुमची आजी फ्रेंच बोलत असेल ना?"

"आजी शेतात भात लावायची, आंटी. कुणाशी बोलणार?"

पाव आला. वरून कुरकुरीत, आत लोणच्यातलं गाजर, कोथिंबीर, अंड्याचा पोळा आणि मिरचीचे लालभडक काप. मला इतका आवडला की नाशिकला आल्यापासून मी तो पोळीत गुंडाळून करू पाहते, पण तसा होत नाही. विहीणबाईंनी पावावर बोटाने टकटक केलं. "बघा, हा आम्ही यांना शिकवला."

लान पाण्याचे ग्लास ठेवत होती. "हा? हा कोपऱ्यावरच्या बेकरीतून येतो, आंटी. मालक पेनांगचा." मग तिने विहीणबाईंच्या ताटाकडे बघितलं. "मिरची काढू का? युरोपची माणसं रडतात."

"काही गरज नाही," विहीणबाई म्हणाल्या, आणि साम्राज्याची इभ्रत राखण्यासाठी त्यांनी सगळ्या मिरच्या खाल्ल्या. डोळ्यांतून धारा लागल्या. मी माझा लिंबाच्या सरबताचा पेला त्यांच्याकडे सरकवला.

त्या पाणावलेल्या डोळ्यांनीच त्यांनी मूळ विषय काढला. नांतमधलं त्यांचं घर मोठं आहे. वरचा मजला रिकामा. मागे बाग, बागेत सफरचंदाचं झाड. पाळणाघर दोन गल्ल्यांपलीकडे, तिथल्या बाईंना त्या स्वतः ओळखतात. नांतची बिस्किटं तर जगात प्रसिद्ध. मला नांतची बिस्किटं ठाऊक नव्हती, पण त्या बंदरातून कुठली जहाजं निघायची आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसं भरून वेस्ट इंडीजला कशी विकायला न्यायची, हे ठाऊक होतं. बिस्किटांचा विषय चालू असताना जहाजांचा काढणं बरं दिसलं नसतं.

"म्हणजे मीरा आमच्याकडे वाढावी, असं मला वाटतं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला काय वाटतं, सुनंदा?"

'अजिबात नाही' असं मोठ्याने ओरडावंसं वाटलं. पण विहीण तोंडावर विचारते आहे, मुलाची आई आहे, त्यातून पावाचे पैसे तिने दिलेत. तोंडातून जन्माच्या सवयीने तेच निघालं.

"तुम्ही म्हणाल तसं."

मी वाट बघत राहिले. आता त्या म्हणतील, 'अहो, पण तुमचाही हक्क आहे.' मग मी हळूच पुण्याचं सांगेन. विहीणबाईंनी माझा हात घट्ट दाबला, "मला वाटलं होतं त्याहून तुम्ही फार मोठ्या मनाच्या आहात," असं म्हणाल्या आणि लानला दोन कॉफी सांगितल्या. त्या कॉफीत साखरेच्या जागी आटवलेलं गोड दूध असतं. मला ती कडूच लागली.

बुओना व्हिस्टा

मग मी माझी आघाडी उघडली. केतकीला दुपारच्या जेवणात एकटीला गाठायचं ठरवून मी बसने आणि मग एमआरटीने बुओना व्हिस्टाला गेले. ती मला स्टेशनजवळच्या हॉकर सेंटरमध्ये घेऊन गेली. पंख्यांची घरघर, कढयांची चरचर, आणि गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली सगळ्या देशांची माणसं. एकही टेबल रिकामं नाही असं मला वाटलं, पण केतकीने एका टेबलावर पर्समधलं टिश्यूचं पाकीट टाकलं आणि निघाली रांगेत उभी राहायला.

"अगं, कुणी बसेल ना!"

"नाही बसत. पाकीट ठेवलं की जागा आपली."

मी थक्क होऊन त्या पाकिटाकडे बघत बसले. आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात, पण तिथे रुमाल उचलून फेकणारे वीरही असतात. इथे कुणी हात लावत नव्हतं. अमेरिकेपासून आफ्रिकेपर्यंत फ्रेंचांनी, इंग्रजांनी आणखी काय केलं? किनाऱ्यावर उतरायचं, झेंडा रोवायचा, आणि आत कोण राहतं ते जेवून झाल्यावर बघायचं.

भात खाता खाता मी बोलले. पुण्यातली संस्था किती चांगली. हिंजवडीत ज्युलियाँला कुणीही घेईल. नाशिक किती जवळ, दर शनिवारी आम्ही येऊ. मीराला मराठी येईल. तिला बालवाडीत मी सोडीन. मी एक सदनिकाही बघून ठेवली आहे, तिसरा मजला, लिफ्ट आहे.

"आई, तू फ्लॅट बघितलास?"

"नुसता बघितला गं. बघायला काय जातं?"

केतकीने चमचा खाली ठेवला. ती दमलेली दिसत होती. "मोनिकने वरच्या मजल्याला रंग लावायला घेतलाय," ती म्हणाली, "आणि तू लिफ्ट बघितलीस." एवढं म्हणून तिने घड्याळाकडे बघितलं आणि प्रयोग उकळतोय असं सांगून गेली. मी परत आले ती मनातल्या मनात खूश होऊन. ती रागावली ती विहीणबाईंवर, असा मी सोयीस्कर अर्थ काढला होता.

वाढदिवस

सकाळी मी मीराला पाटावर बसवून ओवाळलं. दुपारी विहीणबाईंनी केलेला केक कापला. मीराने निरांजनाकडे झेप घेतली आणि केकमध्ये पाय घातला, त्यामुळे दोन्ही संस्कृतींचा समान अपमान झाला. ज्युलियाँने फोटो काढले. मग विहीणबाई इरकलीवरून उठल्या आणि हातातल्या ग्लासवर चमचा वाजवला.

"मला एक आनंदाची गोष्ट सांगायची आहे. नांतचं घर तयार आहे. पाळणाघरात मीराचं नाव घातलंय. आणि सगळ्यात आनंदाचं म्हणजे सुनंदांनी मोठ्या मनाने होकार दिला आहे."

केतकीने माझ्याकडे बघितलं.

"आई? तू हो म्हणालीस?"

"मी कधी म्हटलं!" माझा आवाज चढला. "मी काहीसुद्धा हो म्हटलेलं नाही."

"तुम्ही म्हणालात," विहीणबाई गोंधळून म्हणाल्या. "खोलीच्या वेळी म्हणालात, झोपेच्या वेळी म्हणालात, आणि त्या दुकानात म्हणालात. तुम्ही म्हणाल तसं, असं."

"अहो, ते बोलण्यापुरतं असतं! तेव्हा तुम्ही नाही म्हणायचं असतं!"

"मी नाही म्हणायचं? माझ्याच प्रश्नाला?"

आता हे इंग्रजीत कसं समजावणार? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी मान राखत गेले आणि त्यांच्या लेखी मी मुलूख तोडून देत गेले. संतापून मी त्यांना म्हटलं, की अशाच करारांवर तुम्ही लोकांनी अर्धी पृथ्वी घेतलीत. त्या म्हणाल्या, की नको होतं तर तसं सांगायचं होतं, आम्हाला काय मनातलं ऐकू येतं? मी म्हटलं, मीरा पुण्याला जाणार. त्या म्हणाल्या, नांतला. मीरा केक खात होती.

"बास!" केतकी ओरडली. इतक्या जोरात मी तिला कधी ऐकलं नव्हतं. "दोघी गप्प बसा. कोण कुणाचा प्रदेश वाटून घेतंय? मी इथे बसलेय. हा इथे बसलाय. आल्यापासून आम्हाला एकदा तरी विचारलंत?"

ज्युलियाँने तिच्या खांद्यावर हात ठेवला. मग शांतपणे, आधी मराठीत आणि मग फ्रेंचमध्ये, तो म्हणाला, "आई, आम्ही इथेच राहतो."

त्यांना सिंगापूरला कायम राहायचा परवाना, पीआर, मिळाला होता. ज्युलियाँने बुओना व्हिस्टालाच दुसरी नोकरी धरली होती. पासिर रिसला समुद्राजवळ एक जुना एचडीबी, म्हणजे सरकारी वसाहतीतला, फ्लॅट ठरवला होता.

"कधी ठरलं हे?" मी विचारलं.

"तुम्ही दोघी यायच्या आधी."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगणार होतो, आई. पहिल्याच दिवशी सांगणार होतो. पण तुम्ही दोघींनी बोलायला जागा कुठे ठेवलीत?" मग केतकीने एक श्वास घेतला. "तिथे पाहुण्यांना खोली एकच आहे. पुढच्या वर्षीपासून आळीपाळीने या."

दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. तेव्हाही इंग्रजांचा झाला होता, आताही त्यांनी वसवलेल्या बेटाचा झाला.

ईस्ट कोस्ट

संध्याकाळी दोन पराभूत सत्ता मीराची बाबागाडी ढकलत समुद्रावर गेल्या. केतकीनेच आम्हाला घराबाहेर काढलं होतं. ईस्ट कोस्टला समोर मालवाहू जहाजांची भिंतच उभी असते, बंदरात शिरायची वाट बघत. आम्ही एका बाकावर बसलो.

"तुम्हाला वाटतं मी हावरट आहे," विहीणबाई म्हणाल्या.

मी नाही म्हणणार होते, पण सभ्यतेपायी बोलायची आता भीती वाटत होती. "थोड्याशा," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. त्यांचा जन्म नांतचा नव्हता. अल्जेरियातल्या ओरानचा होता. वडिलांची द्राक्षबाग होती, त्यांच्या आजोबांनी लावलेली. अल्जेरिया स्वतंत्र झाला तेव्हा त्या लहान होत्या. एका सकाळी आईने त्यांच्या अंगावर एकावर एक दोन झगे चढवले आणि त्या बोटीत बसल्या. फ्रान्समध्ये उतरल्यावर शाळेत मुली म्हणायच्या, तुम्ही आपल्या घरी परत जा. त्यांना कळायचं नाही, कुठल्या घरी.

"मीराला कुणी असं म्हणू नये, एवढंच मला हवं होतं. जिथली आहे तिथेच असावी."

नाशिकच्या बाईला द्राक्षबागेचं दुःख समजतं. पण मला विचारल्यावाचून राहवलं नाही. "बाग आजोबांनी लावली. त्याआधी ती जमीन कुणाची होती?"

त्या जहाजांकडे बघत राहिल्या. "ते माझ्या घरात कुणी कधी बोललं नाही," त्या म्हणाल्या. "मी विचारलंही नाही. फार उशिरा कळलं, की ज्यांची होती त्यांनाही लहान मुली होत्या."

मी वर्गात हा धडा एका वाक्यात संपवत असे: अल्जेरिया स्वतंत्र झाला आणि फ्रेंच निघून गेले. पुस्तकात तेवढंच होतं, आणि मी त्यात कधी भर घातली नाही. मला त्यांची कीव आली आणि त्यांचा रागही गेला नाही. दोन्ही एकाच बाकावर बसून होतं. बाबागाडीत झोपलेली मीरा उठली तेव्हा मात्र विहीणबाईंनी तिला रडू दिलं नाही. पटकन उचलून माझ्याच मांडीवर दिली.

चांगी

आमची विमानं एकाच संध्याकाळी होती. केतकी आणि ज्युलियाँ मीराला घेऊन पोचवायला आले. केतकीने मला घट्ट मिठी मारली, "पोचलीस की फोन कर," म्हणाली, विहीणबाईंच्या गालांना गाल लावले. तिचे डोळे भरलेले होते. मीही रडले. विहीणबाईंनी गॉगल लावला. माझ्या पासपोर्टवर शिक्का बसला आणि आम्ही दोघी आत गेलो.

आत गेल्यावर मोठी काच आहे, तिच्यातून बाहेरचा हॉल दिसतो. विहीणबाई थांबल्या. "अजून आहेत," म्हणाल्या. आम्ही हात हलवणार इतक्यात लक्षात आलं, की ती तिघं आमच्याकडे बघत नव्हती. आम्ही गेलो असं त्यांनी धरलं होतं.

केतकीने आधी खांदे सैल सोडले. मग एक लांब सुस्कारा सोडून तिने डोकं ज्युलियाँच्या छातीवर टेकलं. तो काहीतरी म्हणाला आणि ती हसायला लागली. पोट धरून, वाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. त्याने मीराला हवेत उडवून झेललं. आणि मग मीराला कडेवर घेऊन ती दोघं हातात हात घालून, जवळजवळ पळतच, घराकडे निघाली.

"फार खूश आहेत," विहीणबाई हळूच म्हणाल्या.

"हो," मी म्हटलं.

मला वाईट वाटलं. पण ते आम्ही गेलो म्हणून ती हसली याचं नव्हतं. माझ्या लेकीचं हे हसू मी तीन आठवडे तिच्या घरात राहून एकदाही पाहिलं नव्हतं, आणि ते नव्हतं हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं.